जुन्या प्लगइनना डिपेंडन्सी कशा पुरवायच्या?

प्रश्न : साखर कारखान्यांच्या वजनकाट्यासाठी आमचा 2009 सालचा विनफॉर्म्स (डॉट नेटमधल्या खिडक्या-फॉर्मचा) प्रोग्राम आहे. प्रत्येक इंडिकेटरसाठी (वजन दाखवून संगणकाला पाठवणारं यंत्र) एक प्लगइन. डीएलएल फोल्डरमध्ये टाकली की प्रोग्राम ती उचलतो. डेटाबेस आणि लॉग यांचे स्टॅटिक क्लास सगळीकडे वापरले आहेत, त्यामुळे काटा जोडल्याशिवाय काहीच तपासता येत नाही. डिपेंडन्सी इंजेक्शन, म्हणजे क्लासला लागणाऱ्या गोष्टी त्याने स्वतः न शोधता बाहेरून देणं, आणायचं आहे, पण 13 पैकी 4 प्लगइनचा सोर्स कोड हरवला आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सोर्स हरवलेल्या त्या 4 डीएलएल डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करा. त्या चालू राहिल्या पाहिजेत, ही पहिली अट.

तुमचा प्रोग्राम बहुधा डॉट नेटच्या 'अ‍ॅक्टिव्हेटर'कडून प्लगइन बनवून घेत असेल, म्हणजे त्यांचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) बिनपॅरामीटरचा. तो तसाच राहू द्या. जुन्या इंटरफेसमध्ये (प्लगइनने कोणत्या मेथड द्यायच्या याची यादी) एक मेथडसुद्धा वाढवू नका. वाढवलीत तर जुनी डीएलएल टाइप लोड होतानाच कोसळेल. त्याऐवजी वेगळ्या डीएलएलमध्ये फॅक्टरीचा, म्हणजे प्लगइन बनवून देणाऱ्या क्लासचा, छोटा इंटरफेस लिहा. त्यात एकच मेथड : लॉग, डेटाबेस आणि पोर्ट घ्यायचे, जुन्याच इंटरफेसचं प्लगइन परत द्यायचं. प्लगइनमध्ये फॅक्टरी सापडली तर तिच्याकडून प्लगइन बनवून घ्या, नाही तर पूर्वीसारखं. स्टॅटिक क्लासची नावं आणि मेथड तशाच ठेवून आतलं काम मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथे) बनवलेल्या ऑब्जेक्टकडे सोपवा. मग जुनी आणि नवी प्लगइन एकाच लॉगमध्ये लिहितील.

कंटेनर, म्हणजे नोंदवलेले ऑब्जेक्ट बनवून पुरवणारी लायब्ररी, मात्र मेनच्या बाहेर जाऊ देऊ नका. प्लगइनच्या हातात अख्खा कंटेनर देण्याचा मोह मलाही झाला होता, कारण काम पटकन होतं. पण मग कोणत्या प्लगइनला काय लागतं हे कन्स्ट्रक्टर वाचून कळेनासं होतं आणि प्रत्येक प्लगइन त्या कंटेनरच्या आवृत्तीला बांधलं जातं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो ऑब्जेक्टच्या आयुष्याला. मी एका काट्यावर पोर्ट वाचणारा क्लास 'मागेल त्याला नवा' असा नोंदवला होता. वजनाच्या खिडकीने एक मागितला, बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेने दुसरा. सिरियल पोर्ट एका वेळी एकदाच उघडता येतो, त्यामुळे दुसऱ्याला 'अ‍ॅक्सेस डिनाइड' मिळालं आणि डिस्प्ले कोरा राहिला. रात्रीचा दीड वाजलेला, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली; ट्रॉलीवर बसून वजन कधी दिसतंय याची वाट पाहणारे शेतकरी मी विसरू शकत नाही. पोर्ट वाचणारा एकच ऑब्जेक्ट हवा होता. मात्र त्यासाठी सरसकट सिंगलटनही (अख्ख्या प्रोग्रामला एकच ऑब्जेक्ट) करू नका; भरल्या आणि रिकाम्या गाडीचे काटे वेगळे असतील तर प्रत्येक पोर्टला एक, असं नोंदवा. प्लगइनसाठी स्वतंत्र स्कोप (ऑब्जेक्टच्या आयुष्याची मर्यादा) उघडा आणि प्लगइन बंद होताना तो डिस्पोज करा. मायक्रोसॉफ्टच्या कंटेनरमध्ये मुळाशी, म्हणजे स्कोप न उघडता, मागितलेले डिस्पोजेबल ऑब्जेक्ट प्रोग्राम संपेपर्यंत धरून ठेवले जातात, म्हणून स्कोप विसरलात तर पोर्ट अडकून राहील.

आणखी एक. इंटरफेसच्या डीएलएलची प्रत प्लगइनच्या फोल्डरमध्ये जाऊ देऊ नका, 'कॉपी लोकल' बंद ठेवा. दोन जागांहून लोड झालेला एकच इंटरफेस डॉट नेटच्या लेखी दोन वेगळे टाइप ठरू शकतात. मग नाव अक्षरशः तेच असूनही कास्ट (एका टाइपला दुसरा मानणं) फसतो, आणि संदेश वाचून माणूस चक्रावतो.

फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरना सध्या हात लावू नका. दुसरे फॉर्म ज्यांच्यावरून बनवले आहेत ते फॉर्म आणि यूजर कंट्रोल यांचे कन्स्ट्रक्टर व्हिज्युअल स्टुडिओच्या डिझायनरला बिनपॅरामीटरचेच लागतात.

पहिलं प्लगइन असं निवडा, ज्याचा सोर्स हाताशी आहे आणि ज्याबद्दल हंगामात सगळ्यात जास्त फोन येतात. त्याच्या इंडिकेटरकडून येणारे बाइट एका फाइलमध्ये साठवा आणि खोट्या पोर्टमधून तेच प्लगइनला द्या. सगळ्यात आधी ती टेस्ट लिहा, जिच्यात वजनाची ओळ अर्धी एका वाचनात येते आणि उरलेली पुढच्या.