रागाचे पुस्तक राग ओसरल्यावर

तुमचा साडेतीन वर्षांचा मुलगा भावनांवरचे चित्रपुस्तक नुसते दिसले तरी ढकलून देतो आणि आता दुसरे कोणते आणावे, असे तुम्ही विचारले आहे. आमच्या घरीही अगदी हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी मानसतज्ज्ञ नाही, आणि एका मुलीच्या अनुभवावरून सगळ्या मुलांविषयी बोलता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आमची चूक पुस्तकाच्या निवडीत नव्हती, वेळेत होती. आम्ही ज्या समुपदेशन केंद्रात गेलो, तिथे पुस्तकांची छापील यादी हातात देऊन 'मूल चिडले की लगेच हे वाचा' एवढेच सांगितले गेले. पुढच्या दोन्ही भेटींत 'तुम्ही वाचता कसे?' असे कोणी विचारलेसुद्धा नाही, याचा मला आजही राग येतो. मुलगी जमिनीवर लोळून रडत असे आणि मी शेजारी बसून, चित्रावर बोट ठेवून, 'बघ, यालाही तुझ्यासारखाच राग आलाय' असे वाचत असे. महिन्याभरात ते पुस्तक तिच्या लेखी शिक्षा होऊन बसले. एके दिवशी ते पलंगाखाली सापडले, तेव्हा लाल चेहऱ्याच्या पानावर तिने काळ्या खडूने इतके गिरगटले होते की त्या चेहऱ्याचे डोळे दिसेनासे झाले होते.

मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात आईने न जेवताच खोलीत पाठवलेल्या मॅक्स या मुलाचा, कल्पनेतल्या राक्षसांसोबतचा धिंगाणा ऐन भरात येतो, तिथे सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. शेवटी तो खोलीत परततो तेव्हा जेवण वाट पाहत असते आणि ते अजून गरम असते, पण उपदेश कोणीच करत नाही. मूल भडकलेले असताना आपणही शब्द आवरून नुसते जवळ बसावे, हे मला त्या पानांमुळे उमगले. वाचन दुसऱ्या दिवशी, मूल खुशीत असताना करावे आणि प्रश्न विचारायचाच तर तो चित्रातल्या पात्राविषयी विचारावा. 'तूही काल असाच वागलास ना?' हे वाक्य कटाक्षाने टाळावे.

शेवटच्या पानावर 'रागावणे वाईट' असे बजावणारी पुस्तके मी तरी घेणार नाही. शिवाय अनेक अनुवादांत प्रत्येक उतरलेला चेहरा 'दुःखी' असतो, हे मला फार खटकते. ठोकळ्यांचा मनोरा कोसळलेले मूल हिरमुसते, खेळात न घेतलेले रुसते, चूक उघडी पडली की ओशाळते. मोठ्याने वाचताना मी हे शब्द बेधडक बदलते.

नवे पुस्तक तूर्त आणू नका. आहे तेच तीन-चार आठवडे नजरेआड ठेवा, मग त्याच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात इतर पुस्तकांमध्ये सरकवून द्या आणि तो स्वतः काढून आणेपर्यंत त्याविषयी चकार शब्द काढू नका. आमच्याकडे याला जवळजवळ दोन महिने लागले.