दिरांचं लिव्हर आणि मुलीची बी.एस्सी.

लातूरहून एका आईचं पत्र आहे. मुलीला बारावीत ७८ टक्के, नीट दोनदा दिली, जमलं नाही. दिरांना सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललंय. स्टेम सेलपासून, म्हणजे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून, लिव्हर तयार होतं असा व्हिडिओ घरातल्या सगळ्यांनी पाहिला, आणि तिनं एक वर्षाचा 'रीजनरेटिव्ह मेडिसिन' (खराब अवयव नव्यानं घडवण्याचं शास्त्र) डिप्लोमा करावा असं ठरलं. फी २,८०,००० रुपये. ती स्वतः केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायचं म्हणते. आई लिहिते, 'पण त्यात काय स्कोप? इथे निदान काकांच्या उपयोगी तरी पडेल.'

ताई, ७८ टक्क्यांचं मला काहीच वाटलं नाही. हे शेवटचं वाक्य मात्र खटकलं. नीटचं ओझं उतरतंय न उतरतंय तोच एकोणीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तुम्ही काकांचा जीव ठेवलात. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, तर 'मी वेळेत शिकले नाही' हे ती जन्मभर मनात धरून बसेल. घरात हे बोलणं आजच थांबवा.

आता तो व्हिडिओ. त्यात दिसणारं पांढरट, आरपार दिसणारं लिव्हर म्हणजे तयार अवयव नव्हे, तो नुसता सांगाडा. प्राण्याच्या लिव्हरच्या पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरला रक्त आणणारी मोठी शीर) नळी बसवून एसडीएस, ट्रायटन असे डिटर्जंट तासन् तास सोडतात. पेशी धुऊन जातात, कोलॅजन या चिवट प्रथिनाची जाळी आणि रक्तवाहिन्यांचे मार्ग उरतात. दाब जास्त झाला की जाळी फाटते, हवेचा बुडबुडा शिरला की पुढचा भाग धुतलाच जात नाही, आणि एसडीएस मागे राहिलं तर नंतर सोडलेल्या पेशी मरतात. २०१० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटानं अशा सांगाड्यात पेशी भरून तो उंदरात बसवला, तोही काही तासांपुरता. त्या पेशी स्टेम सेलपासून केलेल्या नव्हत्या, उंदराच्याच लिव्हरमधल्या होत्या. स्टेम सेलचं प्रकरण आणखी अवघड. त्यांना लिव्हरच्या पेशी बनवायला एकामागून एक संकेत देणारी प्रथिनं घालावी लागतात: आधी अ‍ॅक्टिव्हिन ए, मग बीएमपी-४ आणि एफजीएफ-२, मग एचजीएफ, शेवटी ऑन्कोस्टॅटिन एम, असे सुमारे वीस दिवस. ठरल्या वेळी मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचं, रविवार असो की दिवाळी. मध्येच मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जंतू शिरला तर सगळं टाकून पहिल्यापासून. इतकं करून हाती येणाऱ्या पेशी गर्भातल्या लिव्हरसारख्याच राहतात: गर्भातलं अल्फा-फिटोप्रोटीन हे प्रथिन बनवत बसतात, औषधं पचवणारं सीवायपी३ए४ एन्झाइम कमी. शिवाय वाहिन्यांना आतून एंडोथेलियल पेशींचं अस्तर नीट बसलं नाही तर रक्त कोलॅजनला लागताच गोठतं. आणि बनलेलं पित्त बाहेर जायला नलिका लागतात, त्या वेगळ्याच पेशींच्या. वर्षभराच्या डिप्लोमात यातलं काय शिकवणार? विचारा त्यांना: प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हातानं पेशी किती वेळा वाढवतो? पेशी जंतूंपासून जपून वाढवायला लागणारी बायोसेफ्टी कॅबिनेट आणि कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर ही यंत्रं तुमची की दुसऱ्याची? उत्तरात 'व्हर्च्युअल लॅब' आली की उठा.

या क्षेत्रात जायचंच तर वाट सरळ आहे: बी.एस्सी., जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठीची नेट-जेआरएफ परीक्षा, पीएच.डी. म्हणजे साधारण दहा वर्षं. तुमची मुलगी मागतेय ती बी.एस्सी. याच वाटेवर आहे. डिटर्जंट काय धुतो आणि काय ठेवतो, हा प्रश्न केमिस्ट्रीचाच. पण तिला पुढे रंग, औषधं किंवा शिक्षकी पेशा आवडला, तर तिकडे जाऊ द्या. लिव्हर हा तिचा विषय तुम्ही ठरवलाय, तिनं नाही.

दिरांचं काम वेगळं, आणि ते दहा वर्षं थांबणार नाही. लिव्हरच्या डॉक्टरांकडून मेल्ड स्कोर, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय हे सांगणारा आकडा, काढून घ्या. बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिनचे रिपोर्ट त्याला लागतात. प्रत्यारोपण सुचवलं तर मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र) प्रतीक्षा यादीत नाव लागतं, आणि घरातल्या दात्याचीही तपासणी होते. पैसे घेऊन सिरॉसिसवर स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते मान्य उपचार नाहीत.

डिप्लोमाचा पहिला हप्ता भरला असेल तर पावती आणि परताव्याची अट आजच काढून वाचा, आणि फी परत हवी असं त्यांना लेखी कळवा. बी.एस्सी.चा फॉर्म तिचा तिला भरू द्या.