संध्याकाळच्या रिकाम्या वेळात रमता येईल असा, खिशाला न टोचणारा छंद कोणता?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी नोकरी आहे, संध्याकाळचा दीड तास मोकळा असतो, मोबाईल बघून डोकं बधिर होतं आणि हजार रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. गच्चीवर बाग करू, बासरी शिकू की आणखी काही, असा प्रश्न आहे. बागेचं म्हणाल, तर २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आठ दिवसांआड नळ येणाऱ्या गावात चाळीस कुंड्या मांडायच्या आणि मे महिन्यात त्यांच्यासाठी टँकरवाल्याची मनधरणी करायची, याला मी छंद म्हणत नाही. बासरी उत्तम, पण समोर बसून चूक दाखवणारा गुरू लागतो. तुम्ही मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, वाचायला शिका.

हे सांगितलं की आपल्या मराठवाड्यात पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘मोडी पुण्याकडची. आपल्याकडं निजाम होता, आपले कागद उर्दूत.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की तुमच्या निमित्ताने त्याचंच उत्तर लिहितोय असं समजलात तरी चालेल.

निजामाचा अंमल इथे १७२४ ते १९४८, म्हणजे सव्वादोनशे वर्षं. त्याच्या वरच्या कचेऱ्यांची भाषा १८८४ पर्यंत फारसी आणि नंतर उर्दू, हे खरं. पण गावचा हिशोब कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि परगण्याचा देशपांड्याच्या दप्तरात असायचा. ही माणसं लिहायची मराठीत, आणि मराठी भराभर लिहायची लिपी मोडी. शिवाय निजामाच्या मुलखातून चौथ-सरदेशमुखी वसूल करायला मराठ्यांचे कमाविसदार बसलेले होते, त्यांचा पत्रव्यवहार मोडीतच चालायचा. पालखेड वैजापूर तालुक्यात, राक्षसभुवन गेवराई तालुक्यात, आणि उदगीर तर उदगीरच. मराठे आणि निजाम यांच्या या तिन्ही लढायांच्या वेळी छावण्यांतून गेलेली मराठी पत्रं मोडीत आहेत. असली पत्रं ज्या कागदांवर लिहायची त्यांतला दौलताबादी कागद कागजीपुऱ्यात बनायचा, वेरूळच्या वाटेवर. कागद आमचा, लढाई आमच्या शेतात, आणि लिपी तेवढी पुण्याची? (मोडी हेमाडपंताने लंकेहून आणली, ही गोष्ट कोणी सांगितली तर मान हलवा आणि पुढे चला.)

आता शिकायचं कसं ते. पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे मोबाईलवर तक्ता बघून अक्षरं पाठ करणं. मोडी युनिकोडमध्ये २०१४ पासून आहे, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो. पण फॉन्टमधलं अक्षर सुटं उभं असतं, आणि कागदावरचं अक्षर शेजारच्याचा हात धरून पळत असतं. मोडी हाताने लिहिल्याशिवाय डोळ्याला कळत नाही. शंभर पानी आखीव वही घ्या, एक ओळ सोडून एक ओळ वापरा. आधी पट्टीने पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ मारतो, इथे उलटं. त्यामुळे मोडीत शब्दांमध्ये जागा सुटत नाही, विरामचिन्हं नसतात, आणि ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो. ‘बहुतकायलिहिणे’ ही एक सलग माळ दिसते. ‘परग’ इकडे आणि ‘णे’ खालच्या ओळीत.

रोज पाच व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे साठ आकार. साधारण आठवड्यात सगळी व्यंजनं होतात. घाई करू नका आणि पुढेही ढकलू नका. बाराखडी टाळून नुसती मुळाक्षरं गिरवणारे पुढे हमखास अडकतात, कारण काना लागला की अक्षराचा आकारच बदलतो, तो देवनागरीसारखा बाजूला येऊन उभा राहत नाही. ‘र’ हे सगळ्यात लबाड अक्षर. आधी काय आलं आणि पुढे काय येतंय त्यावर ते रूप पालटतं, म्हणून र-साठी वहीची दोन पानं वेगळी ठेवा आणि जिथे नवा र सापडेल तिथून तो शब्दासकट उतरवून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट मोडीत नाही, पण तिचा त्रास वाचताना होतो: सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, कागदावर दोन्ही एकच. अर्थ मागच्या-पुढच्या शब्दांवरून लावायचा.

बोरूची लेखणी लागते का? वाचायला नाही लागत, पेन्सिल पुरते. हौस असेल तर वाळलेला बोरू घ्या, ओल्याचं टोक दोन ओळींत पिंजतं. टोक तिरपं छाटून साधारण एक मिलिमीटर रुंद ठेवायचं आणि मधोमध सेंटीमीटरभर चीर द्यायची. चीर जास्त लांब गेली की दाब पडताच टोक फाकतं आणि डाग पडतो. शाई काजळाची करायची तर काजळाच्या वजनाच्या निम्मा बाभळीचा डिंक घ्या, डिंक थोड्या पाण्यात विरघळवून त्यात काजळ आधी घट्ट खलून घ्या, उरलेलं पाणी शेवटी. काजळावर एकदम पाणी ओतलं तर ते वरच तरंगत राहतं. डिंक जास्त झाला की वाळल्यावर अक्षर चमकतं आणि पापुद्रा धरतं.

तिसऱ्या आठवड्यापासून कागद. सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या, इंग्रजी अमलातल्या कागदांनी करा. त्यांतली टाकाची, म्हणजे निबाच्या लेखणीची, अक्षरं बारीक पण सरळ असतात. मग पेशवेकालीन घ्या, गोल आणि घोटीव. शिवकालीन शेवटी. उत्साहाच्या भरात सगळे शिवकालीनने सुरू करतात आणि दहाव्या दिवशी वही कपाटात जाते. मूळ मोडी आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर छापलेली पुस्तकं मिळतात, त्यातली देवनागरीची बाजू झाकायची, एक ओळ वाचून वहीत उतरवायची, मग उघडून ताडून बघायची. पहिला महिनाभर रोज तीन ओळी झाल्या तरी पुष्कळ.

खरी किल्ली ठरावीक शब्द. जुनं पत्र कोणत्याही विषयाचं असो, त्याचं तोंड आणि शेपूट ठरलेलं असतं. वर ‘राजश्री … गोसावी यांसी’, पुढे ‘येथील कुशल जाणौन स्वकीय कुशल लिहीत जावे’, मग ‘विशेष’, इथून खरा मजकूर. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, आणि सरकारी कागद असेल तर ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’. हे शब्द तुम्हाला आधीच माहीत आहेत, म्हणजे त्या लेखकाच्या हातचे र, ज, श, क, ल, ब, त, य तुम्हाला फुकट मिळाले. ते कापून एका कागदावर मांडा, हा त्या एका माणसाच्या हाताचा तक्ता. मधल्या मजकुरात जे अक्षर अडेल ते या तक्त्याशी लावून बघा, छापील तक्त्याशी नाही. प्रत्येक नव्या लेखकासाठी नवा तक्ता. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण हे न करणारा माणूस वाचत नसतो, अंदाज बांधत असतो.

संक्षेपही असेच पाठ करून टाका: प॥ म्हणजे परगणे, क॥ कसबे, मौ॥ मौजे, त॥ तर्फ. आकड्यांपुढची उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयांत एक उभी रेघ चार आण्यांची आणि एक आडवी रेघ एका आण्याची, म्हणून पाचापुढे एक उभी आणि तीन आडव्या दिसल्या की पाच रुपये सात आणे. जमिनीत वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. हे माहीत नसलं की अक्षर बरोबर लागूनही बेरीज चुकते, आणि बेरीज जुळली नाही तर तुमचं वाचन चुकलंय असं धरायचं. आकडे हा तुमचा फुकटचा परीक्षक आहे.

तारखेत मात्र सगळ्यांची दांडी उडते. पत्रात साल आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं, तेही उलट्या क्रमाने: आधी एकं, मग दहं, शतक, सहस्र. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६४. हा सुहूर सन, मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ची, म्हणून ११६४ अधिक ५९९. उदगीरची लढाई फेब्रुवारी १७६०ची, तिचं साल नुसतं ‘सितैन मया व अलफ’, ११६०, त्यात ६००. डोळे झाकून सगळीकडे ६०० मिळवणारे पावसाळ्यातली पत्रं वर्षभर पुढे नेऊन ठेवतात आणि मग इतिहासात गोंधळ आहे म्हणून ओरडतात. निजामी अमलातल्या शेवटच्या काळातला फसली सन वेगळा: तो ६ ऑक्टोबरला, आजूर महिन्याने सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवा, पुढे ५९१. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस १३५७ फसलीत येतो, करून बघा.

लिप्यंतर करताना कागदावर आहे ते लिहायचं. ‘आह्मी’ असेल तर ‘आह्मी’, ‘जाहाले’ असेल तर ‘जाहाले’. शुद्धलेखन सुधारायचा मोह झाला की समजा तुम्ही अर्थ आधी ठरवलाय आणि अक्षरं नंतर वाचताय. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब, शंका असेल तर कंस. टिंबांची लाज वाटू देऊ नका. एकही टिंब नसलेलं नवशिक्याचं लिप्यंतर मी वाचायलाही घेत नाही.

घरातल्या पेटीतून, देवघराच्या माळ्यावरून असा कागद निघाला तर ओलं फडकं लावू नका. काजळाची शाई उन्हाने उडत नाही, पण पाण्याने वाहते. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, इस्त्री तर नकोच. घडी उलगडताना तुटत असेल तर जेवढी उघडते तेवढीच उघडा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात मोबाईलने सरळ वरून फोटो घ्या, एक बाजूने तिरपा उजेड पडू देऊन दुसरा, आणि नंतर फोटोवरच वाचा. फोटो मोठा करता येतो, कागद नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो घेतला तर आकार कळतो.

वर्ग हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. खात्यातर्फे मोडीचे वर्ग निघतात. ‘सात दिवसांत मोडी’वाल्यांकडे जाऊ नका. सात दिवसांत लिहिता येतं, वाचता येत नाही, आणि ते फक्त लिहायला शिकवून प्रमाणपत्र देतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणारे कुठे आहेत म्हणून जी शोधाशोध झाली, ती अशी प्रमाणपत्रं भिंतीवर असतानाच झाली.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. गावात कळलं की तुम्हाला मोडी येते, की लोक शेताचे कागद घेऊन येतील. वाचून दाखवा, पण सही करू नका. कोर्टात चालणारं लिप्यंतर हे वेगळं काम आहे. घरचं वाटणीपत्र वाचणार असाल तर चुलत्यांसमोर मोठ्याने वाचू नका, आधी एकट्याने पूर्ण वाचा. चाळिशीनंतर सलग तासाभराच्या वर बसलं की डोळे चुरचुरतात, दीड तासाचे दोन तुकडे करा. हा छंद एकट्याचा आणि बैठा आहे, त्यामुळे तुम्हाला मुळात चार माणसांत मिसळायचं असेल किंवा पोट कमी करायचं असेल, तर माझं हे सगळं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही.

आणि उर्दूवाल्यांचं अगदीच चूक नाही. निजामकाळच्या शेवटच्या पन्नास-साठ वर्षांचे महसूल आणि कोर्टाचे कागद सर्रास उर्दूत आहेत, तेही घाईच्या शिकस्ता वळणात. पेटीत तसले निघाले तर मोडी तिथे चालणार नाही, वाचणारा शोधावा लागेल. तोवर त्यांच्यातून मोडीचे वेगळे काढून ठेवा. वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेली दिसली, की तो कागद आपला.