नातू फोनवर दोन मिनिटंसुद्धा बोलत नाही

प्रश्न : ताई, आमचं गाव विट्याजवळ. 1972 च्या दुष्काळानंतर आमचे हे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, कामाला कोईमतूरला गेले, आता ते नाहीत, दुकान मुलगा बघतो. नातू आठ वर्षांचा, तिकडंच जन्मलेला. रोज रात्री व्हिडिओ कॉल करते, जेवलास का, अभ्यास झाला का विचारलं की "हो आज्जी" म्हणतो नि फोन आईकडं देऊन पळतो. सून बिचारी त्याला बळंच बसवते. मेमध्ये आठ दिवस येतात, त्यातले निम्मे पाहुण्यारावळ्यांत जातात. उद्या मी गेल्यावर ह्याला आज्जी आठवेल का हो?

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून जीव कासावीस झाला. खानापूर-आटपाडीकडं घरटी कुणीतरी गलाईला बाहेर आहे, त्यामुळं हे दुखणं तुमच्या एकटीचं नाही. आधी सुनेला सांगा की त्याला बळंच बसवू नकोस. जेवलास का ह्याला पोरगं हो म्हणणार, अजून काय म्हणणार? त्यापेक्षा फोन भिंतीला टेकवून ठेवा नि तुमचं काम चालू द्या, भाकरी थापताना परातीचा थपथप आवाज, तव्यावर टाकून वरनं पाणी फिरवलं की निघणारी वाफ, मग ती टम्म फुगते, हे बघायला पोरं थांबतात, नि मग तोच विचारायला लागेल.

आणि आजोबांचं सांगा त्याला! शेतकऱ्याचं घर सोन्याच्या कामात कसं शिरलं हे तुमच्याइतकं कोण सांगणार. पाऊस नाही, विहिरी आटल्या, तरणी पोरं मुलूख सोडून गेली, तिथं भट्टीपुढं बसून मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, धरायला शिकली. जुनं सोनं तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकलं की तांबं नि चांदी विरघळते, सोनं तेवढं तळाला तपकिरी भुकटी होऊन राहतं, ते परत आटवलं की झळकतं, आठ वर्षांच्या पोराला ह्याच्यापुढं कार्टून काय! मुलाला म्हणावं दुकानात नेऊन दाखव, पण लांबनं, तेजाबाचा धूर लेकराच्या नाकात जायला नको.

तुम्ही गेल्यावर आठवेल का म्हणता, तर तुमच्याजवळ राहिला तरच आठवेल, हे मी स्पष्टच सांगते. ह्या मेमध्ये त्याला आईबापाशिवाय पंधरा दिवस ठेवून घ्या. पहिले दोन दिवस रडेल, रडू द्या. गल्लीतली पोरं त्याला खेळायला नेतीलच, तुम्ही रेणावीला रेवणसिद्धाच्या दर्शनाला न्या, रात्री जवळ घेऊन झोपा. मुलगा दुकान सोडून येणार नाही म्हणत असेल तर तिकडनं गावी येणारं ओळखीचं कुणी ना कुणी असतंच, त्यांच्यासोबत पाठव म्हणावं. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मेच्या सुरुवातीचं तिकीट मार्चमध्येच काढावं लागेल, तेव्हा मुलाशी आजच बोला.