मेकर, चेकर आणि एक उतावळा कथाकार

"ताई, मी उतावळा आहे. जन्मापासून. अशा माणसाला लेखक होता येतं का, एवढंच सांगा. येत नसेल तर आत्ताच सोडून देतो."

मी समुपदेशक. हे हेमंतरावांनी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायच्या आधीच म्हणून टाकलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. ती त्यांनी मी वाक्य पुरं करायच्या आत दिली.) पाठोपाठ, मी काही विचारलेलं नसताना, पहिला दिवाळी अंक १९०९ साली 'मनोरंजन'ने काढला आणि त्याच साली आपल्या बडोद्यात साहित्य संमेलन भरलं होतं, हेही सांगून झालं. मग ते बसले आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. माझ्या वहीत त्या दिवशीची पहिली नोंद आहे: 'आत्ताच – चार वेळा.'

वय त्रेचाळीस, नोकरी बँकेत. गायकवाडांच्या चाकरीसाठी इकडे आलेलं घराणं, घर अजून दांडिया बाजारातच. आठ-नऊ वर्षांपासून कथा लिहितात, सहा-सात छापूनही आल्यात. माझ्याकडे येण्याचं कारण नुकत्याच झालेल्या दिवाळीतलं होतं.

जूनमध्ये रात्री दीड वाजता त्यांची एक कथा लिहून संपली. एक पस्तीसला ती एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मेलने गेली. सकाळी चहा पिताना दिसलं की पहिल्या पानावरची सुमन पाचव्या पानावर सुमती झालीय, म्हणून 'सुधारित प्रत' गेली. दुपारी शेवट पटेना, म्हणून 'अंतिम प्रत'. दोन दिवसांनी 'कृपया हीच प्रत धरावी'. आठव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर विचारणा, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. बाराव्या दिवशी रागाच्या भरात तीच कथा दुसऱ्या अंकाला दिली. पहिल्यांना तसं कळवायचा मेसेज लिहिला होता, पण तो फारच कडवट झाला म्हणून पुसला आणि नवा लिहायचा राहून गेला. ऑक्टोबरात कथा दोन्ही अंकांत छापून आली. एकात नायिका सुमन, दुसऱ्यात सुमती.

हे सांगताना ते स्वतःच हसले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत. दोन्ही संपादकांचे फोन त्यांच्यासमोर आले होते.

दिवाळी अंकांचं वेळापत्रक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात, अंक येतो दिवाळीच्या तोंडावर. मधल्या दोन-तीन महिन्यांत लेखकाला बहुतेकदा काहीच कळत नाही. एकटादुकटा संपादक, ढीगभर मजकूर, जाहिरातींची धावपळ. तो प्रत्येकाला पोच कुठून देणार? उतावळ्या माणसाचा छळ करायचा म्हणून कुणी मुद्दाम बेत आखला असता, तरी याहून चांगला जमला नसता.

उतावळ्या माणसाला लेखक होता येतं का, हा हेमंतरावांचा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या इतर लिहित्या माणसांचाही वेगवेगळ्या शब्दांत असतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतो: हा आजार आहे का? गोळीने जाईल का? उतावळेपणा हा बहुतेकदा स्वभावच असतो, पण काही गोष्टी आधी तपासून घ्याव्या लागतात. थायरॉइडचं काम वाढलं तरी माणूस अस्वस्थ आणि चिडचिडा होतो. चार-पाच दिवस अगदी कमी झोप होऊनही थकवा नाही, विचार सुसाट, खर्च हाताबाहेर, आणि हे सगळं नेहमीपेक्षा वेगळं आहे हे घरच्यांना जाणवतंय, असं झालं तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, हा शब्द हल्ली चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. त्याचं निदान मात्र रील बघून होत नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि ती एकाच ठिकाणी नव्हे, घरी, शाळेत, कामावर अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. निदान करणं हे समुपदेशकाचं काम नाही, म्हणून मी हेमंतरावांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्ताची तपासणी झाली, आईला बोलावून बालपण विचारून झालं. आईंनी "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हण तिथेही ऐकवली म्हणे. आजार निघाला नाही. हेमंतराव जरा हिरमुसलेच. गोळी असती तर काम लवकर झालं असतं.

पुढची चूक माझी. मी त्यांना सावकाश लिहायला सांगितलं. आधी आराखडा, रोज तीनशे शब्द, त्यापुढे थांबायचं. पुस्तकी सल्ला, दिसायला सात्त्विक. तीन आठवड्यांत त्यांचं लिहिणं बंद पडलं आणि घरातली कुरबुर वाढली. मग मी त्यांची ती दोनदा छापलेली कथा मागून घेऊन वाचली. मंगळबाजारातल्या एका दुकानात दोन भाऊ भांडतात, असा प्रसंग होता. संवाद असे धावत होते की मधे श्वास घ्यायला जागा नाही. हे माणसाने एका बैठकीतच लिहिलं असणार. मी नेमका तो झराच बुजवायला निघाले होते. त्यांना तसं सांगितलं, आराखडा बंद केला. त्यांनी त्याच रात्री अकरा पानं लिहिली. आणि अर्थात, त्याच रात्री ती तीन मित्रांना पाठवली.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. लिहिण्याची घाई एक आणि पाठवण्याची घाई दुसरी. पहिलीने त्यांचं काहीच बिघडवलेलं नव्हतं.

उतावळेपणा ही एकच एक वस्तू नाही, हे अभ्यासकांनीही दाखवून दिलंय. २००१ साली व्हाइटसाइड आणि लायनम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याचे चार पदर वेगळे काढले. मन बिघडलेलं असताना हातून होणारी घाई, विचार न करता केलेली कृती, हातातलं काम तडीला न नेणं आणि सतत नव्या थराराची ओढ. पुढे पाचवा पदर जोडला गेला: अतिशय आनंदात असताना होणारी घाई. रागाच्या भरात माणूस चुकतो हे आपल्याला आजीनेच शिकवलेलं असतं. आनंदाच्या भरात तितकाच चुकतो, हे फारसं कुणी सांगत नाही. हेमंतरावांकडून मी महिनाभराची नोंद करून घेतली: कधी पाठवलं, पाठवायच्या आधी काय वाटत होतं. कथा संपल्याच्या पहिल्या अर्ध्या तासात, छाती भरून आलेली असताना, सगळ्यात जास्त मेल गेल्या होत्या. दुसरा ढीग होता उत्तर न आल्याच्या काळातला. थरार, टाळाटाळ वगैरे त्यांच्याकडे नावालाही नव्हतं. कथा ते तडीला नेतातच, उलट तडीच्या पुढे जातात.

पण खरा धागा हाती लागला तो सहज, बँकेबद्दल विचारताना.

"बँकेत कधी अशी घाई झाली? चुकीची एंट्री, चुकीच्या खात्यात पैसे?"

"बँकेत? छे! तिथे कसं होईल? तिथे मेकर-चेकर असतो ना."

म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची. ज्याने नोंद केली त्याला ती स्वतःच्या हाताने पास करता येत नाही, संगणकच तशी मुभा देत नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही मोठी चूक नाही. तिथले लोक त्यांना शांत माणूस समजतात, हे ऐकून त्यांच्या पत्नींनी पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, "मग बँकेतले हेमंतराव धीराचे आणि घरातले उतावळे, असं आहे का?"

ते बराच वेळ, म्हणजे सात-आठ सेकंद, गप्प बसले. "नाही ताई. मी तिथेही तसाच आहे. एंट्री मारली की चेकरच्या टेबलाकडे बघत बसतो. पण बघण्यापलीकडे काही करता येत नाही."

आता लिहिण्यासाठी चेकर कोण? पत्नींनी साफ नकार दिला. "वाचायला देतात आणि अर्ध्या तासात 'कसं वाटलं' विचारतात. मी स्वयंपाक करू की मत देऊ?" मी म्हटलं, तंत्र वापरून बघू. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायची मुदत जास्तीत जास्त तीस सेकंद ठेवता येते, ती ठेवून झाली होती. त्यांचा आनंद तीस सेकंदांत ओसरत नव्हता. व्हॉट्सअॅपवर मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, दोन-अडीच दिवसांत पुसताही येतो. पण पुसल्याची खूण मागे राहते आणि 'काय पुसलं' हे फोन करून विचारणारे मित्र त्यांना आहेत.

एप्रिल आला. गच्चीवर छुंद्याची पातेली लागण्याचे दिवस. कैरीचा कीस आणि साखर उन्हात आठ-दहा दिवस, रोज ढवळायचं आणि धीर धरायचा. मी तोंड उघडायच्या आत हेमंतराव म्हणाले, "छुंद्याचं उदाहरण देऊ नका. ते मला घरी रोज मिळतं."

तोडगा त्यांनीच आणला. बँकेत त्यांच्या शेजारी एक गुजराती सहकारी बसतात. त्यांना इथे भट्टभाई म्हणू. भट्टभाईंना मराठी वाचता येत नाही. मी बुचकळ्यात पडले, तेव्हा हेमंतरावांनी समजावलं की चेकर काही खातेदाराच्या आयुष्यात डोकावत नाही, तो ठरलेल्या चार गोष्टी बघतो. तशाच चार गोष्टी एका कागदावर लिहून भट्टभाईंना दिल्या. लिहून किती दिवस झाले? एकवीसच्या खाली असेल तर परत. छापील प्रत काढून मोठ्याने वाचली का? पात्रांच्या नावांची यादी जोडली आहे का? दुसरीकडे कुठे दिली आहे का? चारही उत्तरं जुळल्यावरच भट्टभाईंनी त्या कागदावर सही करायची आणि मग जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्यासमोर, मेल पाठवायची. रात्री नाही. कथेची फाइल मधल्या काळात पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह भट्टभाईंच्या खणात.

खरं सांगायचं तर मला हे पोरकट वाटलं होतं. चेकरने निदान कथा वाचावी तरी, असं मी सुचवलं. हेमंतराव म्हणाले, "वाचली तर मी मत विचारणार. मत चांगलं आलं तर तिथूनच पाठवणार." मी गप्प बसले.

माझ्या बाजूने मी एवढंच जोडलं: शेवटचा पूर्णविराम दिला, तर लॅपटॉप मिटून चपला घालायच्या आणि सुरसागर तलावाला एक फेरी मारायची, रात्रीचा एक वाजला असला तरी. अशा 'जर-तर' योजना नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकतात. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे. दुसरं काम वाट बघण्याच्या काळासाठी. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत 'मला हे सहनच होत नाही' या वाक्याला फार महत्त्व आहे. माणूस सहन करतच असतो आणि सहन होत नाही असं स्वतःला बजावतही असतो. हेमंतरावांनी वहीत तारीखवार लिहायचं: 'आज उत्तर आलं नाही. जेवलो. झोपलो.' पहिल्या आठवड्यात त्यांना हे वेडगळ वाटलं. चौथ्या आठवड्यापर्यंत वही भरत होती आणि नोंदी आखूड होत होत्या.

सगळं सुरळीत झालं असं कृपा करून समजू नका. मे महिन्यात एका रात्री त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर कविता टाकली. कविता चेकरच्या नियमात बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जेवताना दुसऱ्याचं वाक्य तोडायची सवय जशीच्या तशी आहे. न्याय मंदिरासमोर सिग्नल हिरवा व्हायच्या आधी त्यांचा हॉर्न वाजतो, हे मी स्वतः ऐकलंय. पत्नींना जे हवं होतं त्यातलं निम्मंही अजून झालेलं नाही आणि त्यासाठी त्या दोघांच्या भेटी वेगळ्या चालू आहेत. तिथे मेकर-चेकर चालत नाही. संसारात भट्टभाई आणायचे कुठून?

भट्टभाई मात्र कडक निघाले. मेअखेरीस संपलेली एक कथा त्यांनी दोनदा परत केली. एकदा "हजी चार दिवस बाकी छे" म्हणून, आणि एकदा पात्रांच्या यादीत एक नाव दोन तऱ्हांनी लिहिलं होतं म्हणून. मराठी येत नसलेल्या माणसाला ते दिसलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सही झाली, कथा गेली, एकच प्रत.

सप्टेंबरात हेमंतराव महिन्याच्या भेटीला आले, तेव्हा पाठवून दोन महिने उलटून गेले होते. उत्तर नव्हतं. फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तासभर दुसऱ्याच विषयांवर बोलणं झालं. उठताना त्यांनी फोन उलटा केला, बघितला, परत पालथा केला.

"ताई, संपादकांना विचारू का? एकच ओळ."

"भट्टभाई काय म्हणतात?"

"ते रजेवर आहेत. भाद्रपदातल्या पौर्णिमेसाठी अंबाजीच्या देवळाला चालत गेलेत."

"मग?"

"सोमवारी येतील," हेमंतराव म्हणाले आणि फोन खिशात टाकून, दार पूर्ण उघडायच्या आत बाहेर पडले.