ज्वारी चालते, पण ती दळली कुठं?

मागच्या महिन्यात सिलिअ‍ॅकबद्दल थोडं लिहिलं होतं. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक परदेशी धान्य) या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, असा तो आजार. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक आयांची. त्यातली काही इथं घेतलीत.

प्रश्न : ताई, माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक निघालंय. तेव्हापासून गहू बंद म्हणजे बंद. ज्वारीची भाकरी, भात, वरण, शेंगदाण्याची चटणी एवढंच खायलीय. शाळेत डबा पण घरचाच. तरी रक्तातला या आजाराचा आकडा पाहिजे तसा खाली येईना. डॉक्टर म्हणायलेत कुठून तरी गहू जातोय. घरात सगळे माझ्याकडंच बघायलेत. मी तर देत नाही, मग जातोय कुठून? — एक आई, सेलू

उत्तर : तुम्ही देत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर असू शकतं, गहू न देताही येतो. तुमची ज्वारी दळता कुठं ते आधी बघा. आपल्याकडं गिरणीत सकाळपासून गव्हाचे डबे रांगेत असतात आणि मधेच कधीतरी आपला ज्वारीचा डबा लागतो. दगडांच्या मधे, झाकणाला आतून, खाली पीठ पडतं त्या कापडाला गव्हाचं पीठ बसलेलं असतं आणि ते तुमच्या ज्वारीत उतरतं, दिसत नाही कारण दोन्ही पीठं पांढरीच.

आता हे किती म्हणजे जास्त, तर बहुतेक सिलिअ‍ॅकच्या पेशंटना दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम ग्लुटेनपर्यंत सोसतं असं धरतात. गव्हाचा एक दाणा भरतो 40 मिलिग्रॅमच्या आसपास आणि त्यात ग्लुटेन निघतं तीन-चार मिलिग्रॅम. म्हणजे गव्हाचे तीन दाणे पोटात गेले की दिवसाची मर्यादा संपली. गिरणीतून चिमूटभर पीठ आलं तर ते याच्या पुढंच जातं, आणि रोजच्या भाकरीत रोज जातं.

सगळ्यात चांगलं म्हणजे घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, पाहुणे आले म्हणूनसुद्धा नाही. पैशाचं जमत नसेल तर ज्या गिरणीत ज्वारीचा दगड वेगळा आहे ती शोधा, फक्त त्या दगडावर गहू खरंच कधी पडत नाही ना ते नीट विचारून घ्या. वेगळा दगड नुसता असून उपयोग नाही, कारण गर्दी झाली की गिरणीवाला जो मोकळा असेल त्यावर टाकतो. गिरणीवाल्याला आजाराचं नाव सांगत बसू नका, उपवासाचा राजगिरा दळताना तो जशी गिरणी झाडून घेतो तसंच आमचं रोजचं आहे म्हणा, लगेच कळतं. पण झाडून घेतलेली गिरणी म्हणजे स्वच्छ गिरणी नाही. आधी घरची किलो-दोन किलो ज्वारी दळून ते पीठ बाकीच्यांना वापरलं तर धोका कमी होतो, जात नाही. लहान लेकरू आहे म्हणून माझं मत घरघंटीच.

दळायच्या आधी ज्वारी ताटात पसरून निवडा. आपल्याकडं शाळू आणि गहू मागंपुढंच निघतो, मळणी त्याच यंत्रावर, पोतीही तीच, म्हणून ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. मग चाळणी. गव्हाच्या पिठाची चाळणी कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतं, लेकीची चाळणी वेगळीच पाहिजे. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं. स्टीलची परात साबणानं घासली की चालते. भाकरी पोळ्यांच्या आधी करा, कारण पोळ्या लाटताना उडालेलं पीठ ओट्यावर, तव्यावर, हाताला, पदराला सगळीकडं असतं.

आणि वरणात हिंग घालता का? हिंगाची डबी आत्ताच्या आत्ता हातात घेऊन मागचं बारीक वाचा. बाजारातला बहुतेक हिंग शुद्ध नसतो, त्यात गोंद आणि पीठ मिसळलेलं असतं आणि ते पीठ खूपदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, तो बघून घ्या, नाहीतर हिंगच बंद करा, लसूण-जिऱ्याच्या फोडणीनं काही बिघडत नाही. तसंच येसर. आपल्या येसरात भाजलेला गहू असतो आणि आमटीत चमचाभरच जातो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मेतकूटही बघा, बऱ्याच घरी त्यात मूठभर गहू पडतो. धपाट्याच्या पिठात चिकटपणाला गव्हाचं पीठ घालायची सवय असेल तर तीही सोडा.

हे सगळं करूनसुद्धा आकडा खाली यायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर जातं, तेव्हा पुढच्या रिपोर्टलाच चमत्कार होईल असं धरू नका. आणि घरातले तुमच्याकडं बघत असतील तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. घरघंटी आणायला, गिरणीत बोलायला, ज्वारी निवडायला त्यांनाही हात आहेत.

प्रश्न : खपली गहू चालतो का? आमच्या ओळखीतले म्हणतात जुना देशी गहू आहे, त्याचा त्रास होत नाही. — एक वाचक, अंबड

उत्तर : नाही चालत. खपली गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. बन्सी, लोकवन, शरबती कुठलाच नाही. खपली पचायला हलका लागतो म्हणणाऱ्यांना सिलिअ‍ॅक नसतं, त्यांचं ऐकून आपल्या माणसाला देऊ नका.

प्रश्न : मुलासाठी ज्वारीची बिस्किटं आणली. पाकिटावर कणसाचं मोठं चित्र, मिलेट असं लिहिलेलं. ती खाऊन पोट फुगलं आणि जुलाब झाले. मग ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पीठ आणलं तर किंमत परवडेना. पाकिटावर नेमकं काय वाचायचं? — एक वडील, उदगीर

उत्तर : 2023 हे मिलेटचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून ज्वारी-नाचणीचा माल खूप वाढलाय. चांगलंच आहे, पण मिलेट लिहिलंय म्हणजे गहू नाही असं अजिबात नाही. चित्र पुढं असतं, खरं मागं असतं. घटकांची यादी वजनाच्या क्रमानं लिहायची असते, जे सगळ्यात जास्त ते आधी. तुमच्या त्या बिस्किटांचं पाकीट अजून असेल तर उलटून बघा, मैदा किंवा गव्हाचं पीठ पहिल्या एक-दोन नावांत निघालं तर मला नवल वाटणार नाही. गहू, आटा, मैदा, रवा, सूजी, दलिया, शेवया हे सगळं एकच. जव म्हणजे बार्ली, आणि मॉल्ट शक्यतो त्याचाच असतो, म्हणून दुधात घालायच्या पावडरी, चॉकलेटं आणि मक्याचे कुरकुरीत पोहेसुद्धा वाचल्याशिवाय नाही. सोया सॉसमध्ये गहू असतो, चायनीज गाड्यावरचा भातही त्यामुळं बाद.

यादीखाली अ‍ॅलर्जीची ओळ असते. एफएसएसएआय या देशाच्या अन्न नियामक संस्थेच्या 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे ग्लुटेनची धान्यं मालात असतील तर तिथं तसं सांगावं लागतं. कधी ‘गहू असू शकतो’ असंही लिहितात, म्हणजे मालात गहू घातलेला नाही पण त्याच मशीनवर गव्हाचंही काही बनतं. असं असेल तर घेऊ नका. आणि ती ओळ नाही म्हणून माल सुरक्षित असंही समजू नका, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे.

‘ग्लुटेन-फ्री’ या शब्दाला मात्र कायद्यात माप आहे, किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, यालाच 20 पीपीएम म्हणतात. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे, त्याच्या वर गेलं की ते ग्लुटेन-फ्री नाही. 20 ते 100 च्या मधलं असेल तर ते कमी ग्लुटेनचं, ते आपल्यासाठी नाही. ओट्स घ्यायचेच असतील तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच आणि डॉक्टरांना विचारून, कारण साध्या ओट्समध्ये शेतापासूनच गहू-जव मिसळलेले असतात.

किंमतीचं म्हणाल तर मला मनापासून वाटतं की आपल्या भागात राहणाऱ्यानं त्या महागड्या पिठाच्या मागं लागायची गरज नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, भगर, राजगिरा, साबुदाणा, डाळी, सगळं आपल्याकडं पिकतं नाहीतर सहज मिळतं आणि मुळातच बिनग्लुटेनचं आहे. पाकिटावर खर्च करायचाय तर हिंगावर करा, मसाल्यावर करा. दाणा घरी आणा, निवडा, घरी दळा. सुटं पीठ, सुटं बेसन, सुटा फरसाण यांवर लेबलच नसतं, तिथं तुम्ही काय वाचणार? बचत गटाच्या बायका ज्वारीचे पोहे, रवा विकतात, छान असतात, पण घ्यायच्या आधी त्यांना गिरणीचं विचारा. ग्लुटेन-फ्री लिहिलेलं खाऊन दरवेळी त्रास होत असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर आणि बॅच नंबर लागतो, फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार करता येते. नक्की करा.

प्रश्न : माझं हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या खाऊन पण वाढत नाही, पोट गच्च. मोबाईलवर बघून मी गहू बंद केला, बरं वाटायलंय. आता टेस्ट कशाला करू? — एक वाचक, कळंब

उत्तर : करा, आणि गहू बंद राहिला तर ती टेस्ट नीट येणार नाही हेही लक्षात घ्या. टीटीजी-आयजीए नावाची, या आजारात वाढणारं प्रतिद्रव्य मोजणारी रक्ताची तपासणी असते, सोबत एकूण आयजीए बघतात, आणि लागलं तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात. हे गहू खाण्यात असतानाच खरं दाखवतं. बंद केल्यावर आतडं सावरायला लागतं आणि रिपोर्ट नॉर्मल येऊन फसवतो. पोटाच्या डॉक्टरांकडं जा, बंद केलाय ते सांगा, ते कदाचित काही आठवडे परत खायला लावतील. कंटाळा करू नका, कारण सिलिअ‍ॅक असेल तर पथ्य जन्मभराचं आहे आणि तुमच्या आईवडिलांची, भावंडांची, लेकरांचीही तपासणी करावी लागते, त्यांना काही त्रास नसला तरी. नसेल तर रक्त का वाढत नाही याचं दुसरं कारण शोधायचं राहून जाईल.

प्रश्न : गावात हरिनाम सप्ताह आहे. नातू नऊ वर्षांचा, त्याला पंगतीत बसायचंय. प्रसादानं काही होत नाही असं सगळे म्हणायलेत. — एक आजी, जिंतूर तालुका

उत्तर : आजी, त्याला पंगतीत जरूर बसवा, ताट मात्र तुमचं. प्रसादाच्या शिऱ्यात रवा आहे, रवा म्हणजे गहू, आणि श्रद्धेनं खाल्ला तरी आतड्याला तो गहूच. कधीकधी बाहेरून काहीच त्रास दिसत नाही पण आत इजा होत राहते, म्हणून ‘काही झालं नाही’ यावर जाऊ नका. पापडसुद्धा नको, ज्या कढईत कुरडई तळली त्याच तेलात तो तळलेला असतो, आणि कुरडई गव्हाच्या चिकाची.

आचाऱ्याला आदल्या दिवशी भेटा. भाताचं पातेलं उघडलं की कुणाचाही डाव त्यात पडायच्या आधी पहिला वाढा नातवासाठी स्वच्छ डब्यात काढून ठेवायला सांगा. वर घरचं वरण, घरचं तूप. महाराजांना किंवा सप्ताहाच्या मंडळींना आधी कानावर घाला, केळं, खडीसाखर, नारळ असा प्रसाद त्याच्या हातावर ठेवतील, फक्त शिरा वाढलेल्या हातानं नको. त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः बसा, कारण वाढपी आग्रह करतात आणि नऊ वर्षांच्या पोराला एवढ्या लोकांत नाही म्हणता येत नाही.