अंतरा घेतलं आणि पाळीच बंद झाली, रक्त आत साचत असेल का?

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणीकडची खेडी, कुटुंब नियोजनाच्या खोलीत हा प्रश्न ठरलेला. अंतरा म्हणजे एवढ्यात मूल राहू नये म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. ते घेतलं, पाळी थांबली, आता घाण रक्त पोटात साचणार, गाठ होणार आणि पुढं मूल राहायचं नाही. मध्ये एक केस आली तिच्यात हे सगळंच होतं म्हणून लिहिते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

खानापूरकडची २४ वर्षांची पोरगी, बाळ दीड वर्षाचं, नवरा उद्यमबागला फाउंड्रीत. दुसरं मूल हवंय पण एवढ्यात नको म्हणून सरकारी दवाखान्यात अंतराची दोन इंजेक्शनं झालेली, तिसऱ्याची तारीख जवळ आलेली. पहिल्यानंतर अधूनमधून डाग, दुसऱ्यानंतर काहीच नाही. दवाखान्यात विचारलं तर "एनू आगल्ल" म्हणून परत पाठवलेलं, म्हणजे काही होत नाही, जा घरी. बरं, पण का होत नाही ते कोण सांगणार?

बोलत होत्या सासूबाईच. "म्याडम, बाईच्या जातीला महिन्याचं महिन्याला गेलंच पायजे की वो, न्हाईतर ते आत कुजणार न्हाई?" सून खाली बघत बसलेली. मग तिनं हळूच पर्समधनं गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा काढला, चार गोळ्या, नाव असलेला भाग कात्रीनं कापून टाकलेला. शेजारच्या काकूंनी दिलेल्या, पाळी खुली व्हायला. घेतल्या नव्हत्या अजून. मी त्या टेबलावर ठेवून घेतल्या. अशा बिननावाच्या गोळ्या कशाच्याही असू शकतात, गर्भपाताच्या सुद्धा, आणि त्या डॉक्टरनं तपासून दिल्याशिवाय घेतल्या तर रक्तस्राव आवरत नाही अशी वेळ येऊ शकते. शेजारणीचा हेतू चांगलाच असतो हो, पण तरी.

आधी लघवीची टेस्ट करून घेतली, दिवस गेलेत का ही शंका मनात ठेवून कुणी काही ऐकून घेत नाही. निगेटिव्ह आली. मग सांगायला बसले. दर महिन्याला गर्भाशयात आतून एक अस्तर तयार होतं आणि गर्भ राहिला नाही की तेच पाळीतून बाहेर पडतं. अंतरातलं औषध बीज बाहेर पडू देत नाही आणि अस्तरही पातळच ठेवतं, जाड झालंच नाही तर पडणार काय? साचायला आत काही नसतंच. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे भात लावलंच न्हाई तर मळणी कशाची." मी एवढं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं!

वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या साधारण निम्म्या बायकांची पाळी बंद होते, तो आजार नाही. उलट रक्त कमी असलेल्यांना ते फायद्याचंच. पण खूप जास्त अंगावर जायला लागलं, किंवा डोकं भयंकर दुखून डोळ्यापुढं वेगळं काही दिसायला लागलं तर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

आता मूल राहण्याचं. इथं मी गोड बोलत नाही, उशीर होतो. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने धरून चालायचं, आणि हे आधी न सांगितल्यामुळंच "इंजेक्शननं वांझ केलं" अशी बोंब होते. डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या जवळपास १८ हजार बायकांचा एक अभ्यास २०२० मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात इंजेक्शन सोडल्यावर पूर्ववत व्हायला पाच ते आठ पाळ्यांएवढा काळ लागला, गोळ्या सोडल्यावर तीन, तांबी वगैरे काढल्यावर दोन. पण जास्त वर्षं वापरलं म्हणून कायमचा परिणाम राहतो असं काही दिसलं नाही. तर आम्ही तिथंच हिशोब केला. मोठं साडेचार वर्षांचं असताना दुसरं हवं असेल तर मोठं तीनचं होईल तेव्हा शेवटचं इंजेक्शन. वर्षाच्या आत हवं असतं तर मीच म्हटलं असतं अंतरा नको, छायाच्या गोळ्या नाहीतर तांबी बघ.

माझं स्पष्ट मत आहे, दोष सुईचा कमी आणि न बोलण्याचा जास्त. चीनमध्ये याच औषधावर अभ्यास झाला होता, १९९६ मध्ये छापून आला, ४२१ बायका. पाळी अनियमित होईल, बंदही होईल हे ज्यांना आधी नीट समजावलं त्यांच्यातल्या ११ टक्क्यांनी वर्षभरात सोडलं, नेहमीसारखं जुजबी सांगितलेल्यांमध्ये ४२ टक्क्यांनी. औषध तेच! आपल्याकडे २०१७ पासून अंतरा फुकट मिळतंय, कर्नाटकात सरकारी बस पण बायकांना फुकट झाली, पण समजावून सांगायला दहा मिनिटं मिळत नाहीत. आणि शेवटी काय, कंटाळून ऑपरेशन, ते पण बाईचंच. देशात ३७.९ टक्के जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषाची नसबंदी ०.३ टक्के (पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण). फाउंड्रीवाल्यांना पण घेऊन या म्हटलं तर दोघी हसल्या.

निघताना खरी अडचण बाहेर आली. माहेर चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात, तिकडं महिनाभर जायचंय आणि तारीख नेमकी त्यातच, कार्ड कर्नाटकचं मग तिकडं कोण देणार? तर योजना केंद्राची आहे, चंदगडच्या सरकारी दवाखान्यात पण विचारायचं, कार्ड सोबत न्यायचं, कार्ड कन्नडमध्ये आहे म्हणून मागच्या बाजूला तारखा मी आकड्यांत लिहून दिल्या. आणि नाहीच जमलं तर ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येतं, चार आठवडे उशिरापर्यंत पण चालतं, त्यापुढं गेलं तर आधी टेस्ट आणि तोवर निरोध. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "मग जायच्या आधीच टोचून घेतली तर?" तारीख बघितली, बारा दिवस आधी पडत होतं. चालतंय की.